चालू तारीख

साखर पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांपैकी एक त्यांची आहे.
अकरा संगणक, चार रुंद प्रिंटर,
आणि एक नुसताच कीबोर्ड, ज्याचं बाकीचं अंग
अक्कलकोट रोडच्या एका गोदामात गळक्या पत्र्याखाली गेलं.
बायको म्हणते, पोरगी बाळंतपणाला आली तर झोपेल कुठं?
मी म्हणतो, प्रिंटर हलवू.
प्रिंटर हलत नाहीत.

इलाही नदाफ भंगाराच्या ढिगावरून फोन करतो,
"ये की बे, तुझं एक सापडलंय."
तुझं. जसं काही चुकलेलं जनावर.
तो किलोवर देतो. मी आधी मागचं झाकण काढून
आत नाक घालतो.
बँकेतल्याला उदबत्तीचा वास येतो,
साखर कारखान्यातल्याला मळीचा,
आणि सूतवाल्यांच्या पंख्यात
टॉवेलचं तूस बसलेलं असतं, गोधडीइतकं दाट.
ते मी हळू उपसतो,
गाईच्या कानातली गोचीड काढावी तसं.

माझे नियम आहेत.
रंग द्यायचा नाही. पिवळं पडलेलं पिवळंच.
दसऱ्याला लावलेलं कुंकवाचं बोट पुसायचं नाही.
डिस्कवरचं सगळं वाचायचं,
एक अक्षर बदलायचं नाही.

हा बारावा,
कन्ना चौकातल्या हत्तुरे यार्नच्या पेढीवरचा.
तेव्हा त्याला काचेची थंड खोली होती.
चपला बाहेर काढून आत जायचं, देवळात जावं तसं.
नायना तर काचेबाहेरच थांबत,
मी त्यांचं बोट धरून
आतलं हिरवं बघत.

चालू केला.
आधी एक ठोका, मग डिस्क गुरगुरली, मग पहिला प्रश्न:
चालू तारीख?
आतली बॅटरी केव्हाच मेलेली.
त्याच्या लेखी रोजच एक जानेवारी ऐंशी.
खरी तारीख टाकली तर खातेवही उघडत नाही,
असलं वर्ष नाही म्हणते.
म्हणून खोटं बोललो:
तीन नोव्हेंबर एकोणनव्वद.
लगेच उघडली.

दिवाळीची उचल. दोनशे चौदा नावं.
सत्त्याण्णवावं
कोंपेल्ली सत्त
एवढंच. पुढचं रकान्यात मावलेलं नव्हतं.
उचल तीनशे चाळीस.
जमा शून्य.

त्या वर्षी मला निळा शर्ट होता,
घरात तेलाचा डबा आला होता,
आणि फुलबाज्यांची एक पेटी, तिच्यातल्या निम्म्या सादळलेल्या.
डिसेंबरात नायना मागापाशी उभ्या उभ्या गेले.
जमा करणार कोण?

पैसे घेऊन हत्तुऱ्यांच्या नातवाकडे गेलो.
त्याच पेढीत तो मोबाईलची कव्हरं विकतो.
हसला. "काका, असली वही होती हेच मला माहीत नाही."
पैसे घेतले नाहीत. वर चहा पाजला.

रात्री परत समोर बसलो.
हिरवी रेघ जमेच्या रकान्यात उघडझाप करत होती.
तीन आकडे, एक बटण.
नियम माझाच होता, मोडला असता तर विचारणारं कोण?
पण एव्हाना त्या प्रोग्रॅमची एक खोड मला कळली होती:
वर्षअखेरीला ज्याची बाकी शून्य,
त्याचं नाव तो पुढच्या वहीत नेत नाही.

बोट बटणावर, न दाबलेलं,
एवढ्यात गल्लीत आरडाओरडा. पाचव्या दिवसाचं पाणी आलं.
वीस घरांच्या मोटारी एकदम लागल्या.
बल्ब तांबूस झाला, पडदा आक्रसत आक्रसत
मोहरीएवढा हिरवा ठिपका, आणि तोही गेला.
"घागरी!" बायको ओरडली.
घागरी दिल्या, पाईप धरला, पिंप भरलं,
ओल्या पायांनी खोलीत आलो तर
तो आपला आपण उठला होता,
ठोका, गुरगुर,
आणि विचारत बसला होता
आज तारीख काय.